उंदराच्या अंगी माणसाची प्रतिकारशक्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, जमशेदपूर येथे दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावर सोपवली होती. विषय कळवताच त्यांचा दूरध्वनी आला. "ताई, गणपतीपुढे उभ्या राहून उंदरावर बोलणार?" मी म्हटले, "मखरात नीट पाहा, तो माझ्याआधीच तेथे हजर आहे, आणि मोदकही त्याच्याच हाती आहे." यावर ते हसले आणि माझा विषय मंजूर झाला.

हे मंडळ स्थापन झाले तेव्हा मी सातवीत होते. वडील कारखान्यात, राहणे कदम्याच्या क्वार्टरमध्ये, शाळा हिंदी, शेजार बंगाली, आणि घराचा उंबरठा ओलांडून आत आले की मराठी. पुढे शिक्षणासाठी मुंबईची गाडी धरली आणि तेथेच एका कर्करोग संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात माझी तीस वर्षे गेली. आज मी निवृत्त आहे. तेव्हा येथे संस्थेच्या वतीने बोलत नाही. माझ्यावर एका पत्राच्या उत्तराचे ऋण आहे, ते फेडण्यासाठी उभी आहे.

हे पत्र २०१३ च्या उन्हाळ्यात आले. लिहिणारे आपल्याच मंडळाचे सभासद. मी त्यांना लहानपणापासून दादा म्हणते. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला होता. पाकिटात एका इंग्रजी दैनिकाचे कात्रण होते. माणसाच्या रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर एका नव्या उपचाराने बरे झाले आणि अमेरिकेतील एक लहान मुलगीही बरी झाली, असा त्यातील मजकूर. दादांनी खाली एवढेच लिहिले होते : "उंदीर बरे झाले आहेत. आमच्या मुलीला हे केव्हा मिळेल?" मी दोन ओळींचे उत्तर पाठवले. उंदरांत मिळालेले यश माणसांत मिळेलच असे नाही, आणि हा उपचार आपल्याकडे उपलब्ध नाही. दोन्ही वाक्ये खरी होती. त्या हिवाळ्यात मुलगी गेली. दादा मला त्यानंतरही दरवर्षी दिवाळीचे पत्र पाठवत राहिले, पण त्या विषयावर त्यांनी कधी शब्द काढला नाही. परवा मी त्यांच्याकडे गेले आणि हे सभेत सांगू का, असे विचारले. ते म्हणाले, "नाव घेऊ नकोस. बाकी सगळे सांग. मलाही समजू दे." ते आज समोर बसले आहेत.

तर प्रश्न असा की, उंदीर बरा होणे म्हणजे नेमके काय? यासाठी आधी विचारावे लागते की, कोणता उंदीर?

कर्करोगाच्या अभ्यासात उंदीर फार जुना आहे. मुंबईत १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांच्या शुद्ध वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. परदेशात बॉल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून त्या परत आल्या होत्या. आम्ही प्राणीगृहातील माणसे त्यांचे नाव आजही आदराने घेतो. पण तो काळ पाहा. तेव्हाचा उंदीर सर्वस्वी उंदीर होता. गाठ उंदराची आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्तीही उंदराची. त्यातून रोगाचे सामान्य नियम कळत; परळच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या एखाद्या बाईच्या गाठीविषयी मात्र तो उंदीर काही सांगू शकत नव्हता.

माणसाची गाठ उंदरात लावून पाहावी, ही कल्पना कोणालाही सुचेल. अडचण एवढीच की, निरोगी उंदीर ती परकी गाठ काही दिवसांतच नष्ट करतो. वाट सापडली ती योगायोगाने. ग्लासगो येथील रुखिल रुग्णालयाच्या विषाणू प्रयोगशाळेत १९६२ मध्ये डॉ. ग्रिस्ट यांना केस नसलेले उंदीर आढळले. फ्लॅनगन यांनी १९६६ मध्ये त्यांचे रीतसर वर्णन केले. या उंदरांना थायमस ग्रंथीच नसते, हे १९६८ मध्ये पँटेलोरिस यांनी दाखवले. छातीच्या हाडामागे असणाऱ्या या ग्रंथीला आपल्या परिभाषाकारांनी 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव दिले आहे. वयात आल्यानंतर ती हळूहळू आक्रसत जाते, म्हणून हे नाव. शब्द अवघड आहे, पण मला आवडतो. ही ग्रंथी नाही म्हणून टी-पेशी नाहीत, आणि टी-पेशी नाहीत म्हणून परक्याला विरोध नाही. कोपनहेगनला रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी १९६९ मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग या उघड्या उंदरांच्या कातडीखाली लावला, आणि तो वाढला.

त्यानंतर कित्येक वर्षे औषधे अशाच उंदरांवर तपासली गेली. गाठीला थेट मारणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे ठीक होते. परंतु पुढे कर्करोगाच्या उपचाराची दिशाच पालटली. जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले की, टी-पेशींना लगाम घालणाऱ्या एका रेणूला अडवले की उंदराच्या स्वतःच्याच पेशी गाठ नाहीशी करतात. या वाटेवरचे पहिले औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०१८ चे नोबेल पारितोषिक ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना मिळाले. आता औषध गाठीला हात लावत नाही, ते प्रतिकारशक्तीला जागे करते. मग ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही, त्याच्यावर ते तपासायचे कसे? ज्याला ती आहे त्याच्यावर तपासावे, तर माणसाच्या रेणूसाठी बेतलेले औषध उंदराच्या रेणूला बहुधा ओळखतच नाही. गाठ माणसाची आणि प्रतिकारशक्तीही माणसाचीच, पण दोन्ही उंदराच्या देहात, असा प्राणी हवा होता. त्यालाच मानवीकृत उंदीर म्हणतात.

तो एका दिवसात घडला नाही. फिलाडेल्फियाला मेल्विन बोस्मा यांना १९८३ मध्ये असे उंदीर सापडले की, ज्यांच्यात टी-पेशी नाहीत आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशीही नाहीत. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन गटांनी या उंदरांत माणसाची प्रतिकारशक्ती प्रथमच रुजवली. त्यांच्या डोळ्यांसमोर कर्करोगापेक्षा एड्स होता, कारण तो विषाणू उंदराला बाधतच नाही. पण हे रोपण तोकडे पडे. उंदराच्या उरल्यासुरल्या संरक्षक पेशी पाहुण्यांना हुसकावून लावत. जपानमध्ये २००२ साली आणि अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे २००५ साली आणखी एक जनुक निकामी केलेले वंश तयार झाले, तेव्हा कोठे घर खऱ्या अर्थाने रिकामे झाले.

आता हा उंदीर तयार कसा होतो, ते सांगते. माझे आयुष्य यातच गेले. प्रसूतीनंतर जी नाळ टाकून दिली जाते, तिच्यातील रक्त आईच्या लेखी संमतीने घेतले जाते. त्यातून मूलपेशी वेगळ्या करायच्या. उंदराच्या पिलाला क्ष-किरणांची किंवा गामा किरणांची मोजून मापून मात्रा द्यायची, म्हणजे त्याच्या अस्थिमज्जेत जागा मोकळी होते. मग सुमारे एक लाख मूलपेशी त्याच्या शरीरात सोडायच्या आणि वाट पाहायची. बारा आठवडे, कधी त्याहून अधिक. मधूनमधून थेंबभर रक्त घेऊन पाहायचे की, त्यात माणसाच्या पेशी किती आहेत. एके दिवशी यंत्राच्या पडद्यावर माणसाच्या टी-पेशींचा ठिपक्यांचा पुंजका उमटतो. बोटाएवढ्या त्या जिवाच्या रक्तात कोणा अनोळखी बाळाची प्रतिकारशक्ती वाहत असते. पहिल्यांदा तो पुंजका पाहिला त्या संध्याकाळी मी घरी कोणाशी फारसे बोलले नाही, एवढे आठवते.

या पेशींचे परमुलखातले जिणे आपल्यासारख्या लोकांना पटकन समजावे. शरीरातील पेशी एकमेकींशी रासायनिक संकेतांनी बोलतात. माणसाचे आणि उंदराचे काही संकेत सारखे आहेत, काही अगदी वेगळे. टी-पेशी आणि बी-पेशी उंदराच्या भाषेत कशाबशा निभावून नेतात. परंतु मोनोसाइट, महाभक्षी पेशी, संहारक पेशी यांना स्वतःची भाषा कानी पडल्याखेरीज वाढताच येत नाही. म्हणून पुढे उंदराच्या जनुकांतच माणसाचे संकेत लिहिले गेले. येल विद्यापीठातून २०१४ मध्ये असा एक वंश पुढे आला आणि त्यात या पेशी जोमाने वाढल्या. इतक्या की, त्यांनी उंदराच्याच तांबड्या पेशी गिळायला सुरुवात केली आणि उंदरांना पंडुरोग होऊ लागला! यजमानाच्या कोठारावर पाहुण्यांनी हात मारावा, तसा हा प्रकार.

दुसरी गोष्ट शाळेची. आपले कोण आणि परके कोण, हे टी-पेशी थायमसमध्ये शिकतात. या उंदरांत ती शाळा उंदराची असते. मग माणसाची पेशी उंदराच्या खुणा वाचायला शिकते आणि माणसाच्या गाठीसमोर आल्यावर अडखळते. मी स्वतः हिंदी शाळेत शिकलेली असल्याने मला या पेशींविषयी पहिल्यापासून जिव्हाळा वाटत आला आहे. यावर उपाय म्हणून २००६ मध्ये माणसाच्या भ्रूणाचे थायमस आणि यकृत यांचे तुकडे उंदरात बसवले गेले. शाळा सुधारली, परंतु भ्रूणाच्या ऊती वापराव्यात की नाहीत हा नैतिक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. दुसरी वाट अशी की, माणसाच्या पेशींवरील ओळखचिन्हांची जनुकेच उंदराला द्यायची. ती अधिक स्वच्छ आहे, असे माझे मत.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना टी-पेशी जाग्या करणारे एक नवे प्रतिपिंड टोचण्यात आले. माकडांत ते निर्धोक ठरले होते. माणसांना दिलेली मात्रा माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी होती. दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले. पेशींनी संकेतांचा असा भडिमार केला की, एकामागून एक अवयव बंद पडू लागले. सुदैवाने सर्व वाचले. एकाची हातापायांची बोटे गेली. नंतर उलगडा झाला तो असा : औषध ज्या रेणूला धरते, तो माणसाच्या काही अनुभवी टी-पेशींवर असतो, पण त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसतो. माकड खोटे बोलले नव्हते. जे त्याच्याजवळ नव्हते, त्याविषयी ते गप्प राहिले. पुढे मानवीकृत उंदरांना तेच प्रतिपिंड दिले तेव्हा त्यांच्या रक्तात माणसाच्या संकेतांची लाट उसळलेली दिसली.

आता दादांच्या कात्रणाकडे येते. त्यातील उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून घेतात, त्यांना कर्कपेशी ओळखणारे एक जनुक देतात आणि त्या परत रक्तात सोडतात. फिलाडेल्फियात २०१२ साली एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला त्या दिल्या गेल्या. कर्करोग गेला, पण त्याआधी ती मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आली. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा संकेत अफाट वाढला होता. त्याला अडवणारे संधिवाताचे एक औषध डॉक्टरांना वेळेवर सुचले, म्हणून ती वाचली. कात्रणातील उंदरांनी या संकटाची सूचना दिली नव्हती, आणि देणार तरी कशी? त्यांच्यात माणसाची गाठ होती, माणसाच्या टी-पेशी होत्या, पण तो वणवा पेटवणाऱ्या माणसाच्या मोनोसाइट पेशी नव्हत्या.

हे सिद्ध झाले २०१८ मध्ये. मिलान येथील संशोधकांनी माणसाच्या मूलपेशींपासून मोनोसाइटसह सगळी प्रतिकारशक्ती ज्यांच्यात वाढली आहे असे उंदीर घेतले, त्यांच्यात माणसाच्या रक्ताचा कर्करोग रुजवला आणि तोच उपचार दिला. उंदरांना माणसासारखा ताप आला, वजन उतरले. काही उंदीर काही दिवसांनी मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावले. संधिवाताच्या त्या औषधाने तापाचे वादळ टळले, मेंदूचा त्रास मात्र टळला नाही. इंटरल्युकिन-१ अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाने दोन्ही टळले. रुग्णांत त्या दुसऱ्या औषधाचा काही ठिकाणी उपयोग दिसला आहे, पण उंदरांत मिळाले तसे निखळ यश मिळालेले नाही. तरीही, आग कोठे लागते हे त्या उंदरांमुळे प्रथमच नीट समजले.

दादा, तुम्ही विचारले होते की, उंदीर बरे झाले मग माणसे का नाहीत. तुमच्या कात्रणातील उंदीर खरोखरच बरे झाले होते. पण त्या बरे होण्याची किंमत काय, हे सांगणारी पेशीच त्यांच्यात नव्हती. माझ्या उत्तरात ही तिसरी ओळ हवी होती. ती २०१३ मध्ये मला ठाऊक नव्हती. पण 'आम्हाला अजून पूर्ण समजलेले नाही' एवढे तरी मी लिहू शकले असते.

हे उंदीर कधी फसवतात, तेही सांगितले पाहिजे. एकदा आमच्याकडे एका प्रयोगात औषध दिलेल्या उंदरांतील गाठी आकसू लागल्या. प्रयोगशाळेत आनंदीआनंद! एका तरुण विद्यार्थिनीने पेढेही आणले. मग मी औषध न दिलेल्या उंदरांचे मोजमाप मांडले, तर त्यांच्या गाठीही आकसत होत्या. कारण साधे होते. गाठ एका माणसाची आणि प्रतिकारशक्ती दुसऱ्याच माणसाची. मूत्रपिंडाचे रोपण न जुळावे, तशी ती गाठ नाकारली जात होती. औषधाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. पेढे खाल्ले गेले, प्रयोग टाकून दिला. त्याच रुग्णाच्या गाठीला त्याच रुग्णाच्या पेशींची जोड देता आली तर उत्तमच, पण आजारी माणसाकडून एवढ्या पेशी मिळणे सोपे नसते. याहून झटपट रीत म्हणजे प्रौढ माणसाच्या रक्तातील तयार पेशी थेट उंदराला द्यायच्या. परंतु त्या चार ते सहा आठवड्यांत उंदरावरच उलटतात आणि त्याचा जीव घेतात. जे पाहायचे ते तेवढ्या अवधीत पाहून घ्यावे लागते. आणखी एक न्यून सहसा सांगितले जात नाही : रुग्णाची गाठ उंदरात वाढू लागली की, तिच्या आधाराला असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या आणि तंतू हळूहळू जातात आणि त्यांची जागा उंदराचे घेतात. दारावरची पाटी तीच राहते, भिंती बदललेल्या असतात.

माझी आजी या मंडळाच्या हळदीकुंकवाला हौसेने येत असे. माझे काम कळल्यावर तिने विचारले होते, "पाप नाही का गं लागत?" मी तेव्हा काहीतरी पुस्तकी बोलून वेळ मारून नेली. आपल्याकडे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आहे. किती उंदीर, कशासाठी, वेदना कशी टाळणार आणि शेवट कसा करणार, हे लिहून दिल्यावाचून परवानगी मिळत नाही. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि इतर मार्गांना वाट दिली, हे मला योग्य वाटते. माणसाच्या पेशींपासून पात्रात वाढवलेले इवले अवयव पुष्कळ काही सांगू लागले आहेत. पण ताप येणे, वजन उतरणे, चौथ्या दिवशी मेंदूला सूज येणे या गोष्टी अखंड देहातच घडतात. म्हणून मी हे काम करत राहिले. आजीच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मात्र मला कधी देता आले नाही.

राहिली गोष्ट 'आपल्याकडे उपलब्ध नाही' या ओळीची. २०२१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक केंद्रात आपल्या देशात घडवलेल्या अशा पेशी रुग्णाला प्रथम दिल्या गेल्या. मुंबईच्या आयआयटीतील राहुल पुरवार आणि टाटा स्मारकाचे डॉक्टर यांनी मिळून तो उपचार उभा केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारची मान्यता मिळाली. अमेरिकेतील खर्चाच्या तो सुमारे दहावा हिस्सा आहे. तरीही सामान्य घराला तो जड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वांना गुणही येत नाही. त्यातील कर्कपेशी ओळखणारा तुकडा मुळात उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेला असतो. आपल्या संशोधकांनी तो माणसाच्या घडणीला जुळवून घेतला. येथे उंदराच्याच अंशाचे मानवीकरण झाले आहे. दादांची मुलगी आज असती तर एकतीस वर्षांची असती.

परवा निघताना दादांनी विचारले, "तो उंदीर पाहायला मिळेल का गं?" आत जाता येत नाही. या उंदरांना स्वतःची प्रतिकारशक्ती नसते, आपल्या श्वासातील साधा जंतूही त्यांना पुरतो. त्यांचे अन्न, पाणी, भुसासुद्धा निर्जंतुक करून आत जातो. पण मार्गिकेच्या बाजूला एक काच आहे. मी जुन्या सहकाऱ्यांना विचारून ठेवले आहे. दिवाळीनंतर दादा मुंबईला येणार आहेत, हावडा मेलने, मी दादरला उतरवून घेणार आहे.